चढाखालची वाळू

मासूमानं तव्यावर घावनाचं पीठ ओतलं आणि ते सगळं एका कडेला पळालं. चढाकडची कड कागदासारखी पातळ, करपलेली. उताराकडची जाड आणि कच्ची. तिनं रॉकेलच्या शेगडीच्या पायाखाली चमचा सरकवून पाहिला. पीठ तरी उताराचंच ऐकत होतं, माहेरची वाट दिसलेल्या सासुरवाशिणीसारखं.

“राहू दे, मासू. मी कँटीनला खाईन,” नूरुद्दीन बुटाची नाडी बांधत म्हणाला. बसल्या जागी तोही एका अंगाला कलला होता.

“कँटीनलाच खायचं होतं तर मला दापोलीहून आणलंत कशाला?”

“रात्रभर माझ्यावर घसरून झोपायला.”

“चावट कुठले!” ती हसली. मग दाराबाहेरच्या उताराकडे तिची नजर गेली आणि हसू विरलं.

त्यांच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. नूरुद्दीनला दोन वर्षांनी एकदा सुट्टी मिळायची. सगळ्या सुट्ट्या एकीला एक जोडल्या तरी संसाराचं एक वर्ष पुरं भरत नव्हतं. सौदीत राबिघच्या रिफायनरीचं नवं काम निघालं, तो पाइपलाइनवर सुपरवायझर झाला, इकाम्यावर, तिथल्या राहण्याच्या परवान्यावर, नवा हुद्दा चढला, तेव्हा कुठे बायकोला आणायची परवानगी मिळाली. घर मात्र त्या हुद्द्याला मिळत नव्हतं. घर असेल तर बायको, असं कंपनीचं म्हणणं. तेव्हा मायदेशी निघालेल्या एका स्कॉटिश इंजिनियरनं आपली जुनी कॅरव्हॅन त्याला देऊन टाकली. “बायको ताजमहाल मागणार नसेल, तर हे घे,” म्हणाला.

कॅरव्हॅन जोडचाकी होती. दोन्ही अंगांना दोन-दोन चाकं, एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या जावांसारखी. पिकअपच्या ड्रायव्हरनं ती सोमवारी फॅमिली लाइनच्या शेवटच्या जागेवर आणून सोडली. भिंतीकडची बाजू वर, खाऱ्या मैदानाकडची खाली. “खलास!” असं म्हणून त्यानं हात झटकले आणि पिकअप घेऊन तो यानबूला निघून गेला.

आणि आज बुधवार. असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर सेफ्टीवाला यायचा होता. त्यानं कॅरव्हॅनच्या जमिनीवर पाणसळ ठेवायची, आतला बुडबुडा दोन रेघांच्या मध्ये उभा राहिला तर गॅसची आणि विजेची लाइन जोडायची. नाही राहिला तर कॅरव्हॅन राहण्यालायक नाही, बाईनं इथे राहायचं नाही आणि जागा जनरेटरला. मासूमानं जेद्दाला मामूंकडे जायचं, तिथून विमानात बसायचं.

“सुट्टी मागू का अजून एकदा?” नूरुद्दीननं दारातून विचारलं.

“काल मागितलीत. काय म्हणाले?”

“शटडाउन आहे म्हणाले, प्लांट बंद ठेवून घाईची दुरुस्ती. सुट्टी घेशील तर कायमची घे.”

“मग जा. निवांत जा.” तिनं कच्चं घावन तसंच गुंडाळून त्याच्या हातात दिलं. “संध्याकाळी इथेच या. दुसरीकडे कुठे शोधू नका मला.”

कंपनीची बस गेली, आणि थोड्या वेळानं कुंपणाबाहेर चंद्रशेखर उभा राहिला. कॅम्पचा कारभार त्याच्याकडे. गडी सांगलीचा, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. नवरा घरी नसताना फॅमिली लाइनमध्ये परक्या पुरुषानं पाऊल टाकायचं नाही हा नियम त्यानंच लावला होता, आणि स्वतःही तो कुंपणाच्या आत कधी येत नसे.

“वहिनी, मी आधीच म्हटलं होतं, ती जागा उताराची आहे.”

“म्हटलंत, आणि तीच दिलीत.”

“दुसरी नव्हती हो.”

“बरं, मग माणसं द्या. चार माणसं आणि एक गाडी. फळ्यांवर चढवली की झालं.”

“नूरुद्दीन ड्युटीवर. माणसं आत कशी पाठवू? नियम आहे.”

“मग नुसती गाडी द्या. वीणाताई चालवतील. माहेरी ट्रॅक्टर चालवत होत्या म्हणे.”

चंद्रशेखरनं घाईघाईनं मागं-पुढं पाहिलं. वीणा त्याचीच बायको. “हळू बोला! बायकांनी गाडी चालवायची इथं? तुम्ही मला घालवाल आणि नवऱ्यालाही घालवाल.”

“म्हणजे पुरुषांनी आत यायचं नाही आणि बायकांनी गाडी चालवायची नाही. मग घर सरळ करायचं कुणी? जिन-भुतांनी?”

चंद्रशेखरला हसू आलं, ते त्यानं खोकल्यात लपवलं. “म्हणूनच सांगतो. या खेपेला जाऊ द्या. पुढच्या प्रोजेक्टला बघू काहीतरी.”

पुढच्या. हा शब्द मासूमाला तोंडपाठ होता. पुढच्या सुट्टीत. पुढच्या ईदला. पुढच्या कफीलानं, म्हणजे मालकानं, मनावर घेतलं तर. नऊ वर्षं ती या शब्दाच्या ओसरीवर बसून होती, आत कुणी बोलावलंच नव्हतं.

“पुढचं-बिढचं नाही, साहेब. आज असरनंतर या. पाणसळ घेऊन या.”

तो गेला. भिंतीपलीकडून वीणा आली. कढीलिंबाच्या आळ्यातलं खुरपं तिच्या हातात होतं आणि खांद्यावर फावडं.

“ऐकलं मी सगळं. आमच्या ह्यांचा आवाज नियम सांगताना कसा खणखणीत होतो. एरवी भाजी कशी झाली विचारलं तर ऐकू येत नाही.”

“तुमचं आणि त्यांचं भांडण होईल, ताई.”

“होऊ दे की. इथं करमणूक दुसरी आहे काय?” वीणानं पदर खोचला. “बोल, कुठून धरायचं?”

कोकणात कपाट डगमगलं की पायाखाली वीट. खाट कलली की पायाखाली दगड. कॅरव्हॅनलाही चार कोपऱ्यांत चार लोखंडी पाय होते, खाली-वर करायच्या दांड्यासकट. दोघींना वाटलं, पाय असतो तो भार घ्यायलाच. खालच्या अंगाच्या मागच्या पायाखाली मासूमानं विटा रचल्या आणि वीणानं दांडा फिरवायला घेतला. पाय विटांना टेकला. आणखी फिरवला. कॅरव्हॅनची कड केसभर उचलल्यासारखी झाली.

“येतंय गं, येतंय! तूही धर!”

मासूमानंही दांड्याला हात लावला. दोघींनी अंगाचा जोर टाकला, आणि आतून कुठूनतरी, प्रसूतीला आलेल्या म्हशीनं हंबरावं तसा आवाज आला. पाय गुडघ्यात मोडला. कॅरव्हॅन धप्पकन होती तिथे बसली. आत परात पडली, डबे गडगडले, सगळा संसार उताराला जाऊन भिंतीला लागला.

वीणा वाकून मोडक्या पायाकडे बघू लागली.

“हे पाय भार घ्यायचे नाहीत गं,” वीणा शेवटी म्हणाली. “हे नुसते हलू नये म्हणून. तोल सांभाळायला हातात धरलेल्या काठीसारखे.”

मासूमा वाळूत बसली. वाकड्या पायावरून तिनं बोट फिरवलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिनं अबायाच्या बाहीनं असं पुसलं की जणू माशी हाकलली.

“उचलायचं कशाला?” वीणा स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली. ती भिंतीकडच्या, वरच्या अंगाच्या चाकांकडे बघत होती. “जातं मांडताना एक बाजू वर राहिली तर आई खालची बाजू उचलायची नाही. एवढा धोंडा उचलणार कोण? वरच्या बाजूखालची माती खरवडायची. जातं आपसूक बसतं.”

मासूमानं मान वर केली. “खाली आहे तिला चढवायचं नाही.”

“वर आहे तिला उतरवायचं.”

“मग त्याला गाडी लागत नाही,” मासूमा उठली. “माणसंही लागत नाहीत.”

आता कामाला अक्कल आली. मोडका पाय आणि बाकीचे तिन्ही त्यांनी वर घेतले. खालच्या अंगाच्या चाकांना पुढून-मागून विटा लावल्या, ब्रेकचा दांडा ओढला आहे की नाही ते पुन्हा पाहिलं. एकमेकींना बजावलं, हात चाकाखाली घालायचा नाही, अंग कॅरव्हॅनखाली न्यायचं नाही, बाजूनं खुरपायचं आणि लांबच्या फावड्यानं ओढायचं. मग परात धुऊन आत जमिनीवर मांडली आणि तिच्यात पाणी ओतलं. पाणी परातीच्या एका काठाला ओठापर्यंत आलं, दुसऱ्या काठाला तळ उघडा. मासूमानं काठावर बोटं ठेवून मापलं, बाहेर येऊन चाकापाशी मापलं.

“चार बोटं उतरायला हवी.”

“चार बोटं म्हणजे काहीच नाही. ह्यांचं पोट वर्षाला तेवढं वाढतं.”

वरची वाळू मिठानं धरलेली, पापुद्र्यासारखी कडक. खुरप्यानं ती फुटायची तेव्हा कटकन आवाज व्हायचा. त्याखाली मात्र मऊ, ओलसर, करड्या रंगाची वाळू लागली. मासूमानं अबाया कमरेला खोचला आणि पुढच्या चाकाखालची वाळू ओढायला सुरुवात केली. वीणाच्या गळ्याला आपोआप चाल आली. जात्यावरची चाल, शब्द मात्र इथलेच:

वाळूच्या देशामधी चार चाकांचं माझं घर
एक बाजू खाली बसे, दुजी चढे डोंगरावर

“हे कुठलं गाणं, ताई?”

“आत्ताचंच. ओवीला काय, दळण असलं की सुचतं.”

पुढचं चाक मोकळं झालं. त्याच्याखाली हात जाईल एवढी पोकळी झाली. पण कॅरव्हॅन हलली नाही. परातीतलं पाणी जागच्या जागी. चाक हवेत लोंबकळत राहिलं आणि सगळा भार मागच्या चाकानं मुकाट्यानं पेलला.

मासूमानं फावडं टाकलं. “आता ही का उतरत नाही?”

वीणा वाकून बघत राहिली आणि एकदम हसायला लागली. “अगं, जावा आहेत त्या! एकीच्या पायाखालची वाळू सरकली तर दुसरी तिला पडू देईल काय?”

जोडचाकं दोघी जावा, एका वेशीत नांदती
एक खचाया लागता, दुजी भार तिचा झेलती

“मग दोघींना बरोबर उतरवू,” मासूमा म्हणाली.

पुढच्या पोकळीत त्यांनी थोडी वाळू परत लोटली. मग एक पुढच्या चाकाशी, एक मागच्या. जात्याच्या खुंट्याला दोन बायका धरतात तशी लय धरली. एक घास हिचा, एक घास तिचा. वीणा म्हणायची आणि मासूमा “हां गं” म्हणून ओढायची. थोड्या वेळानं मासूमाच्याही गळ्यात सूर आला. तिच्याकडची चाल वेगळी, हळदीच्या रात्री बायका म्हणतात ती, लाटेसारखी लांब जाऊन परत येणारी:

दर्याच्या गं त्या तीराला आई माझी वाट पाही
ह्या तीराची वाळू माझी, हिला धनी कोणी नाही

“धनी नाही कसा?” कुंपणाबाहेरून आवाज आला. चंद्रशेखर जेवायच्या सुट्टीत आला होता. “कंपनीची वाळू आहे. वीणा! हे काय चाललंय?”

“दळण.”

त्याला वाकडा पाय दिसला. तो कपाळावर हात मारायचाच राहिला. “वहिनी, हे मोडलंत? आता तर संपलंच. मी सेफ्टीच्या इद्रीसला फोन करून सांगतो, तपासणी रद्द. उगाच तुमची शोभा नको.”

“शोभा माझी आहे ना? मग ती मी करीन,” मासूमा फावडं न थांबवता म्हणाली. “तुम्ही फोन करू नका. तपासणी आजची आहे, आजच होईल.”

“अहो, पण खड्डा खणून घर सरळ करतात का कुठे?”

“खणू नये असा नियम आहे?”

चंद्रशेखरनं मनात नियमांची यादी चाळली. तसा नियम सापडेना. तो बायकोकडे वळला.

“वीणा, तू तरी घरी चल. जेवायचं काय?”

“आमटी फ्रिजमध्ये आहे. भात तेवढा लावा. एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी. सगळं नियमानं.”

तो गेला तेव्हा त्याची पाठ रागावलेली होती, की हसत होती, हे दोघींना कळलं नाही.

ऊन भिंतीवरून उतरायला लागलं. मासूमाच्या तळव्याला फोड आला होता तो फुटला, तिनं त्यावर रुमाल बांधला. एकदा वाळू एकदम ढासळली, कॅरव्हॅन हुंकार देऊन दोन बोटं खाली आली आणि दोघी किंचाळून मागे पळाल्या. मग धीर करून आत डोकावल्या. परातीतल्या पाण्यानं तळ झाकला होता. पुन्हा बसल्या. पुन्हा हिचा घास, तिचा घास. तिसरं बोट. चौथं बोट यायला सगळ्यात उशीर लागला. हट्टी लेकरू मांडीवर यावं तसं ते हळूच आलं, आलं म्हणून कळलंही नाही.

मासूमानं आत जाऊन पाहिलं. पाणी आडव्या अंगानं दोन्हीकडे सारखं होतं. पण आता ते पुढच्या, ओढायच्या टोकाकडे झुकलं होतं.

“नाक खाली आहे,” ती म्हणाली.

नाकाशी एक छोटं चाक होतं, वर फिरवायचा दांडा असलेलं. त्याच्याखाली त्यांनी फळी घातली, म्हणजे ते रुतू नये, आणि दोघींनी चार हातांनी दांडा फिरवला. नाक वर आलं. मासूमा आत-बाहेर पळत राहिली. “थोडं... थोडं... जास्त झालं गो! मागे घ्या... बस!” मग भिंतीकडून खडी आणून चाकांच्या भोवती घट्ट ठोकली, म्हणजे आणखी खचायला नको. शेवटी तीन पाय खाली घेतले, नुसते टेकतील एवढेच. चौथ्याच्या जागी लाकडाचा ठोकळा.

असरची बांग झाली. मासूमानं हात-तोंड धुऊन नमाज पढली. वीणा पायरीवर बसून पायांची वाळू झाडत राहिली.

इद्रीस आला. सुदानी, उंच, शांत माणूस, हातात पिवळी पाणसळ. मागे चंद्रशेखर. कॅरव्हॅन दोघांनीही लांबूनच पाहिली आणि चंद्रशेखरची चाल मंदावली.

“मॅडम, अंदर देखना है,” इद्रीस म्हणाला आणि पायरीकडे निघाला.

मासूमा दारात उभी राहिली. “अंदर कैसे आएगा? मेरा आदमी ड्युटी पे है.”

इद्रीसनं चंद्रशेखरकडे पाहिलं. चंद्रशेखरनं आभाळाकडे. “वहिनी, अहो, हा सेफ्टीचा माणूस आहे. हे वेगळं.”

“सकाळी माणसं मागितली तेव्हा वेगळं नव्हतं.”

“मग तपासणी कशी होणार? नाहीच होणार. शनिवारी बघू—”

“आज. पाणसळ इकडे द्या. मी ठेवते, ते बघतील. दार उघडं आहे, खिडक्याही उघड्या आहेत.”

इद्रीसनं उघड्या दारातून आत एक नजर टाकली. मग त्यानं पाणसळ पुढे केली. “यल्ला. रखो.”

मासूमानं ती उंबऱ्याच्या आत आडवी ठेवली. इद्रीस बाहेरून गुडघ्यावर वाकला. बुडबुडा इकडे गेला, तिकडे गेला आणि मधोमध उभा राहिला. मासूमानं ती घराच्या लांबीच्या दिशेनं उभी ठेवली. पुन्हा तेच. “किचन,” इद्रीस म्हणाला. तो बाहेरून चालत किचनच्या खिडकीशी गेला, आतून ती गेली. त्यानं चवड्यांवर उभं राहून काचेला नाक लावलं. “बेडरूम.” तो मागच्या खिडकीला. असा तो उंच माणूस घराभोवती खिडकी-खिडकीनं फिरला, आणि त्याच्या मागून, स्वतःचाच नियम विसरून, चंद्रशेखर, आणि सगळ्यांच्या मागून वीणा, पदरात तोंड घालून हसणं दाबत.

मग इद्रीस मोडक्या पायाशी थांबला. “ये क्या?”

मासूमा खाली उतरली. आवाज तिनं सरळ ठेवला. “मेरी गलती. उसपे वजन डाला. अभी वजन पहियों पे है. ये सिर्फ हिलने से रोकता है, तो ठोकळा—लकडी लगाया.”

त्यानं कॅरव्हॅनच्या कोपऱ्यावर दोन्ही हात ठेवून सगळं अंग टाकून हलवलं. कॅरव्हॅन हलली नाही. त्यानं वरच्या अंगाची चाकं पाहिली, खडी बुटानं दाबून पाहिली, ब्रेक पाहिला.

“पैर एक हफ्ते में नया लगाओ,” तो म्हणाला. “बाकी मुमताज, एकदम बढिया.” आणि चंद्रशेखरला म्हणाला, “लाइन दे दो.”

तो निघाला. वीणानं मासूमाचा हात धरला, फोडाचाच, आणि मासूमा ओय म्हणाली तरी सोडला नाही.

चंद्रशेखर मात्र कुंपणाशी रेंगाळला. त्यानं खिशातलं पेन काढलं, परत ठेवलं. चाकांकडे बघत राहिला. भिंतीकडची दोन्ही चाकं चार बोटं जमिनीत बसली होती.

“वहिनी, मानलं. लाइन आजच जोडायला सांगतो. पण एक विचार केलात का? चाकं रुतवलीत तुम्ही. उद्या काम संपलं, गाडी न्यायला आली, तर ही बाहेर कशी निघायची?”

मासूमानं फावडं उचललं. कोपऱ्यात उरलेली खडी ओढून आणली आणि चाकाच्या कडेला ओतली.

“साहेब, मी आत्ता कुठे आत आलेय,” ती म्हणाली. “आणि तुम्हाला घाई बाहेर काढायची.”

मग फावड्याच्या पाठीनं तिनं ती खडी ठोकायला सुरुवात केली. पुढच्या चाकाशी, मग मागच्या. चंद्रशेखर बघत उभा होता, म्हणून आणखी थोडी जोरात.